उत्तरेची खिडकी

करकचेरीच्या रांगेत माझ्यापुढे बहीण-भाऊ उभे होते.

"वीज वाचवणारं नवं घर म्हणून करात सूट मिळतेय, ताई."

"पण या फोटोत आईच्या खोलीची खिडकी कुठे गेली?"

"नकाशात होती. पण उत्तरेकडून थंडी शिरते, सूट मिळणार नाही, असं इंजिनिअर म्हणाला. मग काढून टाकली."

"अरे, अंथरुणाला खिळलेली बाई ती. तेवढंच तर मागितलं होतं. शेवटपर्यंत भिंतच बघत राहिली."

"भिंत जाड आहे. ऊब होती तिला."

"काही बोलली नाही?"

"एकदाच. म्हणाली, बाहेर काय चाललंय ते संध्याकाळी येऊन सांगत जा."

"मग, सांगायचास?"

"सांगायचो ना. आज विशेष काही नाही म्हणून."

"रोज?"

"रोज."