एक तारखेपर्यंत हसायचं नाही

दवाखान्यात पैसे भरायच्या खिडकीपुढे रांग होती. रांगेतल्या एका मावशींच्या पुढे दिवस भरलेली एक पोरगी तोंडावर रुमाल दाबून उभी होती, आणि फाईल छातीशी धरलेला तिचा नवरा तिला दटावत होता.

"हसू नकोस. पोट हलतं."

"मग तू बोलू नकोस."

"जुना विमा जुन्या नोकरीबरोबर गेला, नवा एक तारखेपासून. पाच दिवस कसेही काढ."

"ते बाळाला सांग."

मावशींना राहवलं नाही. "अरे बाबा, हसून बाळंतपण होत असतं, तर आमच्या वेळी सुईण सोडून विदूषकच बोलावला असता."

"मावशी, तिला आणखी हसवू नका. सगळा खर्च अंगावर येईल."

त्यांचा नंबर आला. खिडकीतल्या बाईने फाईल घेऊन विम्याचे कागद चाळले. "एक तारखेला नुसतं कार्ड येणार. विमा तुम्ही कामावर लागलात त्या दिवसापासून आहे, बाळंतपणासकट."

"म्हणजे आज झालं तरी?"

"आत्ता झालं तरी."

नवरा बायकोकडे वळला. "हस गं बाई, आता पोटभर हस."

पोरीने रुमाल काढला आणि मावशींचा दंड घट्ट धरला.

"मगापासून निम्मंच हसू होतं रे. निम्म्या कळा होत्या."