डुमसची ओटी

(१९३४ साल. सुरतेहून निघालेली गाडी नवापूर सोडून नंदुरबारकडे चालली आहे. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात सुरतेजवळच्या डुमसच्या किनाऱ्यावरून परतणारा तापीकाठच्या कोरीटचा शेतकरी हिलाल, त्याची बायको सुंदरबाई, आणि समोरच्या बाकावर विसरवाडीच्या शाळेचे मास्तर.)

सुंदरबाई: तसं नही मास्तर, पानी गयं कोठे, ते सांगा आधी! सकायले डुमसले उतरनूत, ते समुद्र व्हताच नही. कोसभर नुसता काया गारा, चिखलच चिखल. मी यास्ले म्हनं, आपुन चुकीना गावले उनूत.

हिलाल: आन मी इतला शाना, म्हनं आठे बी दुष्काय पडना व्हई.

मास्तर: ओहोटी होती ती. दिवसातून दोनदा पाणी मागं सरतं आणि दोनदा पुढं येतं.

सुंदरबाई: दोनदा? रोज?

मास्तर: रोज. मी मालवणचा. आमच्याकडे इतकं लांब जात नाही, पण जातंच.

सुंदरबाई: मंग ऐका. दुपारले मी रेतीवर दशम्यास्नं फडकं सोडं, तितलामा ते पानी उनं. नदीले पूर येस तो वरतीन, डोंगरकडतीन येस. आठे पूर खालतीन वर! यास्ना जोडा गया, दशम्या गयात. चूय भरी ते तोंडमा मीठच मीठ.

मास्तर: हिलालभाऊ, बाईंना अशा दिवसांत एवढ्या लांब कशाला आणलंत?

हिलाल: मन्ही मायना हुकूम. ती म्हने, तापीनी ओटी आपला काठवर दोनदा भरी, काही उपेग नही. आते तिना सासरे जाईसन भरा, जठे ती समुद्रले मियस. माहेरमा तिनं कोन ऐकस? सासरे ती मालकीन शे.

सुंदरबाई: पहिला दोन्ही लेकरे आठ दिन बी नही ऱ्हायनात, मास्तर. हाई तिसरं शे.

मास्तर: मग भरलीत ओटी?

सुंदरबाई: भरी ना! हिरवा खन, नारय, पाच बांगड्या, तांदूय. सासूनी बजाडेल व्हतं, ओटी सोडी का मांगे देखानं नही. मी नही देखं. सरळ तांगापावत चालनू.

हिलाल: खोबरं ल्या मास्तर. गूय बी शे. तू बी खा वं, सकायपाशीन उपाशी शे.

मास्तर: वा, गोड आहे. आमच्याकडे नारळी पौर्णिमेला कोळी सोन्याचा वर्ख लावून नारळ सोडतात. वाजतगाजत. पण वेळ बघून हं! ओहोटी लागली की मगच. भरतीला सोडला तर तो काठावर परत येतो.

सुंदरबाई: परत येस?

हिलाल: मास्तर, तुम्हनं उतरानं ठेसन, खांडबारा, उनं वाटस.

मास्तर: छे, अजून अवकाश आहे.

सुंदरबाई: थांबा. मी ओटी सोडी, तव्हय पानी यी ऱ्हायंतं. यास्ना जोडा गया, त्यानामांगेच सोडी.

मास्तर: प्रत्येक वेळी येतोच असं नाही, बाई.

सुंदरबाई: मंग तुम्ही खाले काबरं देखतस? अहो, हाई खोबरं कोठलं?

हिलाल: सुरतना ठेसनवर लिन्हं.

सुंदरबाई: ठेसनवर तुम्ही मन्हापाशीन उठनातच नही. ती पडशी इकडे करा.

हिलाल: ऱ्हाऊ दे वं.

सुंदरबाई: करा म्हनस ना! हाऊ खन वला शे. रेती लागेल शे याले. मन्हाच खन शे हाऊ! अरे देवा, मी मन्हीच ओटी खाई ऱ्हायनू!

मास्तर: बाई, शांत व्हा. हा सगळा चंद्राचा खेळ आहे. समुद्राला कुणाची ओटी कळत नाही.

सुंदरबाई: चंद्रनं तुम्हनी शाळामा सांगा, मास्तर! ओटी परत उनी. तापीमायनी लिन्ही नही. इतला लांब जाईसन बी लिन्ही नही! आते हाई लेकरूनं काय व्हई, ते कोनी बी बाई सांगी. आन हाऊ मानूस ते खोबरं माले गूयसंगे चारस! हात नही कापना तुम्हना?

हिलाल: मी तीन डाव टाकी.

सुंदरबाई: काय टाकी?

हिलाल: ओटी. तू तांगामा बठनी, आन तुन्ही ओटी काठले परत उनी. मी गुडघाभर पानीमा जाईसन टाकी, परत उनी. कंबरभर पानीमा गवू, परत उनी. मंग गळाभर. लाट डोकावरतीन गयी, नाकतोंडमा पानी गयं. कसातरी काठले उनू, ते नारय मन्हा आधी यीसन पडेल.

सुंदरबाई: माले ते तुम्ही म्हनेत, न्हायनू म्हनीसन धोतर वलं शे.

हिलाल: काय सांगतू तुले? तठेच बठनू, नारयना जोडे. रडनू. मंग मन्हा मनमा उनं, आपला दोन्ही लेकरे तापीमा मीच सोडात. या हातवरतीन. मांगे देखू नको, सगळा म्हनेत. पन मी देखं. दोन्ही डाव देखं, पार वळणपावत. इतल्या ओट्या लिन्ह्यात नदीनी, कव्हय काही परत दिन्हं का तिनी? आन हाई पानी, कितलं बी लांब टाका, आनीसन पायपाशी ठेवस. मन्हा जलममा पहिलं पानी देखं मी, जे परत देस. म्हनीसन उचला नारय. म्हनं, हाईच खावाडू हिले.

मास्तर: खांडबारा आलं. येतो मी. हिलालभाऊ, तुम्हाला पोहता येतं?

हिलाल: नही.

मास्तर: बाई, डुमसच्या भरतीत गळाभर पाण्यात पट्टीचा पोहणारा पाय टाकत नाही. दर साली माणसं बुडतात तिथं. हे कसे काठाला लागले, मला ठाऊक नाही. जपा त्यांना.

हिलाल: गयात मास्तर. भला मानूस... आशी काय देखस मन्हाकडे?

सुंदरबाई: काही नही.

हिलाल: खोबरं तोंडमा शे का आजून? थुकनं व्हई ते थुकी दे. मी काही म्हनाव नही.

सुंदरबाई: नही शे. सांगता सांगता तुम्ही गळाभर पानीमा व्हतात ना, तव्हयच गिळाई गयं.