एकाच वावराच्या दोन पिशव्या

चोपड्यात युरियाच्या रांगेत सविता आपला माती परीक्षणाचा कागद घेऊन उभी होती. पुढे एक म्हातारा आणि एक तरुण बोलत होते.

“पितांबर नाना, माती तपासून मक्याला युरिया किती सांगितला?”

“नेहमीच्या निम्मा. माले भरोसा नही, नवल.”

“मागच्या साली जास्त टाकून मका लोळला ना?”

“तो वाऱ्यानं लोळला! तपासणी खरी का ते पाहायला मी एकाच वावराची माती दोन पिशव्यांत दिली. एक मन्हा नावानं, एक घरवाली केसरबाईच्या.”

“आकडे वेगळे आले?”

“बठ्ठे, एकूण एक सारखे!”

“मग तपासणी खरी शे.”

“येडा शे का? त्यासनी तपासलीच नही. एकच कागद दोनदा छापी दिन्हा!”

सविताने हातातला कागद उलटून पाहिला.

“आता तीच माती धुळ्याला तपासाले पाठवतो.”

“तिथंही तेच आकडे आले तर?”

“तर समज, इथले न् धुळ्याचे बठ्ठे आतून एकमेकांसले मिळेल शेतस!”