यंदाची चटणी

— न्हाय, आज लाईट न्हाय, म्हणून जुलेखाचा मिरची कांडायचा डंक बंद हाय. बसा की पावणं, हितंच पायरीवर बसा, आत अनुजानं फरशी पुसायला घेतलीय, अनुजा म्हणजे माझी सून. जुलेखा कुठं पळून जात न्हाय, समोरच तिचं दार, उघडलं की पहिलं मलाच दिसतंय. मला सगळंच दिसतंय म्हणा. लोकं म्हणतात, गल्लीत कॅमेरा कशाला पायजे, आक्का बसलीय की पायरीवर. वर काय बघतायसा? व्हय, आमचा पंखा चाललाय. आमची लाईट हाय, तिची नसंल. खांब एकच हाय ते मलाबी ठावं हाय — जाऊ दे ते, भाकरी खातायसा का? खावा की. एवढ्या लांबनं, पुण्यास्नं, आमचा सलोखा बघायला आलायसा, उपाशी कसं जाशीला? चटणी जरा जपून घ्या, वर तेल सोडा. यंदाचीच हाय. रंग ब्याडगीचा, तिखटपणा संकेश्वरीचा. — कुठं कांडली? खावा की हो तुम्ही, थंड हुईल.

तर तुमच्या संस्थेचं सांगत होते. वाईट म्हणणार न्हाय मी, आधीच सांगते. दोन वर्षं झाली त्याला — कुणाच्या तरी मोबाईलवर कायतरी आलं, काय आलं ते आजवर धड कुणी बघितलेलं न्हाय, मी घराघरात जाऊन विचारलंय, मी विचारल्याबिगर ऱ्हाईन व्हय? — आन् संध्याकाळी चौकाकडनं पोरं आली. आमच्या गल्लीतली एकबी न्हवती. म्हणजे, निम्मी न्हवती. जुलेखाचं शटर वाकवलं, डंकाची मोटर वढून गटारीत घातली, आन् उस्मानभाई मधी पडला, तिचा नवरा, तर त्याचा हात मोडला. अजून तो हात खांद्याच्या वर जात न्हाय. आन् मग महिन्याभरानं तुमच्या मोनाताई आल्या, झोळी घेऊन.

लई गोड बाई. पर आम्हाला सगळ्या बायकांना समाजमंदिरात गोल बसवलं आन् म्हणाल्या, एकमेकींच्या डोळ्यांत दोन मिनिटं बघा. आता आम्ही तीस वर्षं एकमेकींच्या स्वयंपाकघरात बघत आलोय, डोळ्यांत बघून आणखी नवीन काय दिसणार हो? मला जुलेखाच्या म्होरं बसवलेलं. एक मिनिट कसंबसं काढलं, मग तिला हसू आलं, मग मला आलं, मोनाताईंनी लगेच लिहून घेतलं — सकारात्मक बदल. मग लोकरीचा गुंडा आणला, ही तिच्याकडं टाकणार, ती हिच्याकडं, सगळ्यांच्या हातात लोकर, म्हणं हे आपलं नातं. ते नातं सोडवायला आमच्यातल्या चिमणाबाईला दीड तास लागला, शेवटाला कातरीनं कापलं. आन् मग ते बोलायचं शिकवलं. म्हणजे "तू माझी चटणी ढापलीस" असं म्हणायचं न्हाय. "चटणी कमी भरली की मला वाईट वाटतं" असं म्हणायचं. हसू नका, मी खरंच सांगते. दुसऱ्याचं नाव घ्यायचं न्हाय, आपल्याला काय वाटतं तेवढंच सांगायचं. आम्ही कोल्हापूरच्या बायका, आम्हाला कधी असं नुसतं वाटलंय व्हय? वाटायच्या आधी तोंडातनं गेलेलं असतंय.

तुम्हाला ठावं न्हाय हो पावणं, चटणीच्या दिवसात हितं काय असायचं. पाडवा झाला की जुलेखाच्या दारात डब्यांची लाईन, पार त्या खांबापतोर. तोंडाला पदर, डोळ्याला पाणी, अख्खी गल्ली शिंकतीय, आन् त्यात आमचं भांडण. दर वर्षी. मी म्हणणार, उखळाच्या बुडाला माझी पावशेर चटणी राखलीस. ती म्हणणार, तुझ्या पावशेर चटणीवर मी बंगला बांधते, ये जेवायला. मी म्हणणार, आधीच्या बाईची जाळ मिरची माझ्यात मिसळलीस. ती म्हणणार, तुझ्या जिभेपेक्षा न्हाय ती जाळ. एकदा तर तिनं माझा डबाच उचलून रस्त्यावर ठेवला — जा म्हणली, तुझा मुडदा बशिवला, जा दुसऱ्या डंकावर. मी गेले न्हाय. मीच तो डबा परत लाईनीत ठेवला, आन् संध्याकाळी तिच्याच पोरीच्या हातनं गरम चटणी आली, वर मूठभर जास्तीची. असं होतं ते. लोकं बघायला थांबायची.

आन् आता? आता ती मला ताई म्हणती. "बऱ्या हायसा का ताई?" "व्हय, तुम्ही बऱ्या हायसा का?" — संपलं. दूरदर्शनवरच्या बातम्या बऱ्या. तुमच्या मोनाताईंना लई आनंद झालता, म्हणाल्या, बघा, दोन वर्षांत गल्लीत एकबी भांडण न्हाय. मी म्हणले, ताई, ज्या घरात नवरा-बायको भांडायचं सोडतात त्या घराची काळजी करायची असती. त्यांनी ते लिहून घेतलं न्हाय.

न्हाय न्हाय, केलं की तुम्ही. मोटर तुमच्याच संस्थेनं भरून दिली, नवीन शटर घातलं, फीत कापली. मी होते की. तो फोटो तुमच्या हापिसात लावलाय म्हणं, डंकाजवळ मी आन् जुलेखा, दोघींच्या हातात एकच सूप. दहा बायका डबे घेऊन उभ्या मागं. त्या डब्यातली मिरची कुणाची हाय ठावं हाय का? संस्थेचीच. एक-एक किलो वाटली, कांडून घ्या म्हणाल्या, फोटोला बरं दिसतंय. आम्ही कांडून घेतली. फुकटची होती. लई भारी झालती. आन् त्याच्या दुसऱ्या दिवसापास्नं — तुम्ही दही घ्या की.

काय हुतं दुसऱ्या दिवसापास्नं? काय न्हाय. मोटर हाय, शटर हाय, जुलेखा सकाळी झाडून, पाणी मारून बसती. मिरची तेवढी न्हाय. बायका चौकाच्या पलीकडं जातात, नवीन डंक झालाय. तिकडं वजन चांगलं — न्हाय, तसं काय चांगलं न्हाय. मंडळाची पोरं बसलेली असतात ना आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर. काय बोलत न्हाईत, हात लावत न्हाईत, नुसती बघतात कोण कुणाच्या दारात डबा ठेवतंय. आन् संध्याकाळी त्या घरातल्या माणसाला कोण तरी इचारतंय, काय, वहिनी त्या डंकावर दिसल्या? बास. तेवढ्यानं हुतं. आमचा आदर्शबी बसतो तिथं. पोरगा चांगला हाय माझा, कुणाच्या अध्यात न्हाय, मित्र हायत म्हणून बसतो. तोच म्हणला, आई, यंदा तिकडनंच आण, उगा कशाला. उगा कशाला — आता त्याला काय म्हणू मी? मला वाईट वाटतं म्हणू?

असं बघू नका माझ्याकडं. एकटीच गेलते काय मी? अख्खी गल्ली जाती. मी तर अनुजाच्या गाडीवर मागं बसून, डब्यावर टॉवेल टाकून गेलते, वरच्या रस्त्यानं, म्हणजे तिला दिसू नये, मनाला लागू नये तिच्या. पर चटणी लपवून करता येती व्हय हो? मिरची तव्यावर पडली की गल्लीला कळतंय. मी दार लावलं, खिडकी लावली, तरी समोरनं जुलेखाचा ठसका ऐकू आला. तीस वर्षं दुसऱ्याची मिरची कांडली तिनं, तिला कधी ठसका लागलेला मी बघितला न्हाय. मग तिची खिडकी लागली. मी म्हणले, आता ही दारात येती आन् माझे वाभाडे काढती. मी तयारीत होते, पदर खोचून उभी होते. आली न्हाय. दुसऱ्या दिवशी दूध घेताना म्हणाली, बऱ्या हायसा का ताई.

लाईट हाय पावणं तिच्याकडं. खोटं सांगितलं मी. तिच्या दारात तो टेंपो लागलाय ना, तो डंक इकत घेणाऱ्याचा, मुरगूडचा हाय. परवा एक माणूस येऊन डंकाची लांबी-रुंदी मोजून गेला, मी बघितलं, सगळं बघितलं. आज न्यायला आलेत. डंक जातोय, मग काय, शटर खाली, मग घर. भाच्याकडं जाणार म्हणं, मिरजेला. मला तिनं सांगितलेलं न्हाय, दुधवाल्यानं सांगितलं. मला. दुधवाल्यानं. — तुमचा तो सलोख्याच्या गल्लीचा बोर्ड कधी लावणार हायसा, ऐतवारी? लावा. चांगल्या मोठ्या अक्षरात लावा.

थांबा. डंक काढला बाहेर. दोरी बांधतायत बघा कशी, निम्म्या वाटेत पडंल. — ए जुलेखा! जुलेखा, तुला म्हणते मी! निघालीस व्हय न सांगता? डंक विकायच्या आधी माझी पावशेर चटणी दे की, बुडाला राखलेली, तीस वर्षांची! इकडं बघ, तोंड फिरवू नकोस. ताईबिई म्हणू नकोस मला, काय बोलायचं ते बोल!

...

काय म्हणालीस? मोठ्यानं बोल, टेंपोचं इंजिन चालू हाय.

...

ऐकलासा पावणं? "यंदाची चटणी कुठं कांडलीस गं?" म्हणाली. सगळ्या गल्लीत, त्या पोरांच्या देखत. आमचा आदर्श उठून उभा ऱ्हायला तिकडं. इंजिन बंद केलं बघा त्या टेंपोवाल्यानं.

न्हाय, कॅमेरा काढू नका. मोबाईलबी नको. आन् तिला समजवायला तर मुळीच जाऊ नका, बसा खाली — न्हाय, बसू बी नका. तिनं मला इचारलंय, तुम्हाला न्हाय. भाकरी ऱ्हाऊ दे तशीच. सरका बघू जरा, पायरीवर बसलायसा तुम्ही, मला खाली उतरायचंय.