कढत भरड्यातली पावडर

—नाही हो भाऊ, पावडरीला नावं कुठे ठेवतेय मी, तुम्ही बसा आधी, ती खुर्ची नको, तिचा पाय लुळा आहे, इकडे बसा. हे येतीलच, करडांना पाला आणायला गेलेत. म्हणजे तुमची कंपनी यांचा फोटो पाकिटावर छापणार? यांचा? मांडीवर करडू घेऊन? बरं. छापा. दाढी मात्र करायला लावा, नाहीतर लोक म्हणतील, पावडर शेळ्यांना मानवली, माणसाला नाही.

कशी वापरली म्हणता? ते यांनाच विचारा, तासभर ऐकवतील. मी आपली शिजवणारी. म्हणजे झालं असं — यांचा कारखाना बंद पडला आणि हे त्या समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसले. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे, बाकी भिंत. लेकीचा फोन आला की न बोलता माझ्या हातात द्यायचे. शेवटी मीच दोन शेळ्या घेतल्या, घरात काहीतरी आवाज हवा म्हणून. त्यातली एक व्यायली आणि गेली — मागे जुळी करडं, एवढीशी. दूध बाटलीने प्यायली, पण चाऱ्यावर आणायला गेलं की पोटं टम्म फुगायची, हगवण लागायची. धाकटीने तर मानच टाकली. तेव्हा हे उठले, भाऊ. चपला घातल्या, गेले, आणि तुमचं पाकीट घेऊन आले — म्हणाले, यात एन्झाइम आहेत, करडाच्या कोवळ्या पोटाला चारा पचवायला मदत करतात. एवढं लांब वाक्य! किती दिवसांनी! मी म्हटलं, असू देत, आणा इकडे.

मग काय — मी मक्याचा भरडा शिजवायचा, तो रटरटायला लागला की यांनी चमचा बोटाने सपाट करून पावडर टाकायची, सोनं टाकल्यासारखी, आणि मी ढवळायची. उकळीत कशी छान मिसळते, एक गुठळी राहत नाही. मग कोमट झाला की बोटावर घेऊन चाटवायचा, थोडाथोडाच, पोटं चोळायची, खालचं ओलं गवत काढून कोरडं घालायचं, धाकटीला पदरात घेऊन बसायचं — ते काय, कुणीही करेल. पण पावडरीने जीव धरला की हो करडांनी! पोटं उतरली, पाल्याला तोंड लावलं, आता बघा कशी —

काय झालं? चेहरा का असा केलात?

उकळीत नाही टाकायची? मरतात? एन्झाइम? सगळे? थोडे तरी तग धरत असतील की. नाही? पाकिटावर लिहिलंय — कुठे, हे? मला वाटलं मुंग्या लागल्यात. म्हणजे इतके दिवस आम्ही मेलेली पावडर ढवळत होतो. मग ही जगली कशाने? — माझ्याकडे काय बघताय, मी शिजवणारी, सांगितलं ना.

भाऊ, एक करा. यांना सांगू नका. अहो, आसपासची माणसं यांना विचारायला येतात, डॉक्टर म्हणतात. लेकीचा फोन आता हेच उचलतात आणि मला देतच नाहीत. काल भाजीत मीठ जास्त झालं म्हणून माझ्याशी भांडले — चांगले आवाज चढवून! मी आत जाऊन रडले, तेवढ्यानेच. उद्यापासून गार झाल्यावरच टाकायला लावते, वाफ डोळ्यांत जाते म्हणून सांगेन. मग लागू दे तुमची पावडर खरीखुरी, म्हणजे फोटोही खोटा नाही. आणि ते बारीक अक्षरातलं मोठं छापू नका — नाही, छापा, छापा, लोकांच्या करडांनी काय घोडं मारलंय. आमच्याकडे फक्त जुनीच पाकिटं पाठवा.

गप्प, आले.

—आलात? एवढा भारा कशाला उचलायचा एकदम? हे पावडरवाले भाऊ, तुमचा फोटो काढायला आलेत. काय बोलत होतो? हेच — म्हटलं, यांनी मनावर घेतलं म्हणून करडं जगली. हो ना, भाऊ?

हो म्हणतायत. भाऊ, घ्या आटपून, काढा फोटो आणि निघा, मला भरडा शिजवायचाय.