नेटजवळची हर्षला

नाना, काकी, आणि इथे जमलेल्या सगळ्यांनो,

अंजूरची सगळी मंडळी आहात, पडघ्याहून, नारपोलीहून आलेले आहात. हर्षलाला जाऊन आज बारा दिवस झाले. आठ दिवसांचं डेंग्यूचं आजारपण, आणि सगळं संपलं. मला बोलायला उभं केलंय खरं, पण मला भाषण येत नाही. मी नीलम. डबल्समध्ये सात वर्षं तिची जोडीदार होते. माझा आवाज मोठा आहे, तेवढं सांभाळून घ्या. लूमच्या खटखटाटात वाढले मी. आमच्या गल्लीत हळू बोललेलं कुणाला ऐकूच जात नाही.

आज आपण गोदामाच्या ज्या गाळ्यात बसलोय, तिथेच आमचं बॅडमिंटन सुरू झालं. एक भाडेकरू गेला की दुसरा येईपर्यंत हर्षलाचे वडील, आपले नाना, हा गाळा आम्हाला द्यायचे. आम्ही खडूनं कोर्ट आखायचो. माल आला की कोर्ट गेलं! हर्षला फोन करायची, "काय गो, येऊ नको आज. आपल्या कोर्टावर साबणाची खोकी खेळतायत." तरी मी यायचे. मग बाहेर रस्त्यावर खेळायचो. कंटेनर आला की बाजूला व्हायचं, गेला की पुन्हा सुरू.

आमच्या सरांनी आमची जोडी लावली तेव्हा एक नियम घालून दिला. हर्षला नेटजवळ, मी मागे. हर्षलाचं मनगट असं होतं की नेटजवळचं शटल तिच्या हातून सुटायचं नाही. आणि माझा आवाज मोठा, म्हणून हाका मी द्यायच्या. पुढचीनं मागे वळून बघायचं नाही. मागचीनं "घे" म्हटलं की घ्यायचं, "सोड" म्हटलं की सोडायचं. विचार करायचा नाही. विचार करेपर्यंत शटल जमिनीवर असतं. सात वर्षं आम्ही असंच खेळलो. शाळेपासून राज्यापर्यंत, राज्यापासून देशाच्या सेमीफायनलपर्यंत.

ती सेमीफायनल तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. भिवंडीत आजही लोक तिच्याबद्दल बोलतात. तिसरा गेम, आम्ही एका गुणानं मागे, आणि हर्षलानं शटल सोडलं. शटल रेषेवर पडलं. मॅच गेली. "भोईरांच्या पोरीनं हातातली मॅच घालवली," हे मी नाक्यावर ऐकलंय, लग्नात ऐकलंय, आणि आता तिच्या अंत्ययात्रेतसुद्धा मागून कुणीतरी बोललं. माझं डोकं फिरलं होतं. पण रागवायचं कुणावर? बोलणाऱ्याला खरं माहीतच नव्हतं.

खरं काय ते आज सांगते.

त्या वेळी मी दुसऱ्या कोपऱ्यात ओढली गेले होते. शटल हर्षलाच्या खांद्यावरून, कडेच्या रेषेकडे चाललं होतं. तिथे फक्त तीच पोचू शकत होती. तिनं रॅकेट उचलली होती. आणि मी ओरडले, "सोड!" तिनं रॅकेट खाली घेतली.

मी ओरडले. चूक माझी होती.

हॉलमध्ये इतका गोंगाट होता की माझी हाक तिच्याशिवाय कुणालाच कळली नाही. सर शेजारच्या कोर्टवर दुसऱ्या मुलीच्या मॅचला बसले होते. धावत आले आणि विचारलं, "कुणाचा निर्णय होता?" मी तोंड उघडायच्या आत हर्षला म्हणाली, "माझा, सर. अंदाज चुकला." आणि मी? मी बुटाची नाडी बांधत बसले. नाडी सुटलेलीच नव्हती.

त्या वर्षी देशाच्या संघाच्या कॅम्पमध्ये आमच्यातली एकच घेणार होते. मला घेतलं.

नंतर तिला विचारलं, "असं का केलंस?" तर म्हणाली, "तुझ्या बाबांचे लूम बंद पडलेत. खेळातून नोकरी तुला लागायला पाहिजे. मला काय, नाना हायेत." मी विचारलं, "तुला काय वाटलं होतं, शटल बाहेर जाणार?" म्हणाली, "न्हाय गो. आत पडणार ते दिसत होतं. पण तू हाक दिलीस ना."

तिला दिसत होतं. ऐकताय ना?

पुढे मी परदेशात खेळले. भिवंडीच्या चौकात माझा बॅनर लागला, तो हर्षलानं शिडीवर चढून बांधला. तीही खेळत राहिली. एका ऑफिसच्या संघाकडून अकरा वर्षं खेळली, पाच जोडीदारणींबरोबर. प्रत्येक जोडीत ती नेटजवळ, आणि प्रत्येक वेळी मागचीच्या हाकेवर तितकाच विश्वास. माझ्यासारखीशी खेळून झाल्यावरही! पण निवड करणारे त्या एका शटलवरूनच तिला ओळखायचे. कॅम्पचं बोलावणं तिला कधीच आलं नाही. मग तिनं इथे मुलींना शिकवायला घेतलं. समोर युनिफॉर्ममध्ये बसल्यात त्या तिच्या पोरी.

नाना, आता तुमच्याशी बोलते. त्या दिवशी परत येताना जीपमध्ये तुम्ही तिला म्हणालात, "येवढा पन दिसला न्हाय तुला?" मी मागच्या सीटवर होते. ती खिडकीबाहेर बघत राहिली. त्यानंतर तुम्ही तिची एकही मॅच बघायला गेला नाहीत. अकरा वर्षं. जिंकली की ती आधी मला फोन करायची, आणि शेवटी हळूच विचारायची, "नाना काही बोलले का तुझ्याजवळ?"

मला सांगता आलं असतं. आधी कॅम्प जाईल म्हणून गप्प बसले. मग नोकरी जाईल म्हणून. मी खेळणं सोडलं तेव्हा तर काहीच जाणार नव्हतं, तरी गप्प बसले. भ्याले. दुसरं कारण नाही.

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दिवसांत तिनं माझा हात धरला. "नीलू, आता नानांना सांगशील?" इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे एवढंच मागितलं. मी म्हटलं, "तू घरी चल, दोघी मिळून सांगू." तेही मी पुढे ढकललं. ती घरी आलीच नाही.

नाना, तुमच्या लेकीची नजर चुकली नव्हती. तुम्ही माझं तोंड बघू नका, या गाळ्यात मला पाय ठेवू देऊ नका, मी ऐकून घेईन. पण तिच्यावरचा राग आज सोडा. तो राग माझ्या वाट्याचा होता.

आता सगळे उभे राहूया. दोन मिनिटं कुणी काही बोलायचं नाही. मीसुद्धा.

हर्षला, सांगितलं गं. नाना समोरच बसलेत, सगळं ऐकलंय त्यांनी. मला उशीर झाला.