इटलीचा कौल

आमच्या घराण्यातला सगळ्यात शहाणा कोण, माहितीये? मुलुंडचा माझा चुलतभाऊ संदेश. पहिल्यांदाच इटलीला निघाला होता, आठ दिवसांत सात शहरं! तिकिटं काढून झाल्यावर साहेबांना आठवलं की गावच्या देवीला विचारायचं राहिलंच. लावला गुरवाला व्हिडिओ कॉल. गुरवाने देवीच्या दोन्ही बाजूंना पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं. डावी पडली, म्हणजे नाही.

"काका, परत विचारा, नेटवर्क गेलेलं," संदेश म्हणाला.

परत डावी.

मी म्हटलं, "अरे, देवी नको म्हणतेय ना!"

"तू गप रे. काका, तिला सांगा, व्हेनिस गाळतो. आता विचारा."

देवीशी घासाघीस! पण पडली बाबा उजवी. हा घरभर नाचला.

महिन्याभराने व्हिसा नाकारला. संदेश गुरवावर उखडला, "काका, कौल उजवा होता ना?"

गुरव शांतपणे म्हणाला, "तो तिसरो रे. पयले दोन खंय गेले?"

संदेशने फोन ठेवला, जरा विचार केला आणि मला म्हणतो, "फ्लोरेन्सपण गाळायला हवं होतं यार."